वहिनीला पुढचं कसं कळतं

आमच्या घरी टीव्ही आला तो वहिनीच्या आंदणात. पलंग, कपाट, भांडी आणि सगळ्यात शेवटी रजईत गुंडाळलेला तो डबा, असं सगळं तिच्या माहेराहून, नाचणगावहून ट्रॅक्टरमध्ये आलं. काळा-पांढरा टीव्ही होता. त्याला लाकडी पेटी होती, समोर सरकणारी दारं होती आणि त्या दारांना कुलूप होतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मोठ्याईनं त्या कुलपाची किल्ली आपल्या कमरेच्या जुडग्यात अडकवली. वस्तू वहिनीची आणि किल्ली मोठ्याईची, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. वहिनीला वाटलं असेल तर तिनं ते दाखवलं नाही. वहिनी पुष्कळ गोष्टी दाखवायची नाही, आणि तिच्यावरचा पहिला आरोप तोच होता.

मोठ्याई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. मोठे बाबा लवकर वारले, त्यांना मूलबाळ नव्हतं. वडिलांना आम्ही भाऊ म्हणायचो. भाऊंनी घर आपल्या वहिनीच्या, म्हणजे मोठ्याईच्या हातात दिलं आणि स्वतः दुकानात बसले ते बसलेच. रोहण्याला, म्हणजे आमच्या गावात, रस्त्याच्या अंगानं आमचं किराण्याचं दुकान आणि त्याच्या मागं घर. ओसरीपर्यंत गुळाचा आणि रॉकेलचा वास, माजघरात मोठ्याईच्या कापराच्या वडीचा वास, आणि त्याच्या मागं सैपाकघर, अंगण, गोठा. माझ्या आईला दमा होता. तिचा श्वास घरात कुठूनही ऐकू यायचा, त्यामुळे ती कुठं आहे ते शोधावं लागत नसे. तिच्यासाठीच मला चौथीनंतर घरी बसवलं. मला त्याचं फार वाईट वाटलं असं नाही. शाळेत मला उभं केलं की मी नुसती पाटीकडे पाहत राहायची. घरी निदान उभं राहून बोलावं लागत नव्हतं.

मोठ्याईच्या गळ्यात एकदाणी असायची. सोन्याचे बारीक मणी दोऱ्यात ओवलेले. तिच्या सासूनं दिलेली होती. बोलता बोलता ती एकेक मणी चिमटीत धरून पुढं सरकवायची, आणि तिचा हात मण्यावर थांबला की आम्ही समजायचो, आता कोणाचं तरी काही खरं नाही.

टीव्हीवर आठवड्यातून एका संध्याकाळी एक मालिका लागायची. हिंदी होती. तिचं खरं नाव कोणी घेत नसे. आम्ही तिला बंगल्याची सिरीयल म्हणायचो, कारण तिच्यात सगळं काही त्या एका बंगल्यात घडायचं. एक विधवा म्हातारी, तिच्या दोन सुना, दोन मुलं, आणि जिन्यावरून सतत कोणीतरी उतरायचं. गावात दुसरा टीव्ही ग्रामपंचायतीत होता, पण तिथं पुरुष माणसं बसायची. म्हणून गल्लीतल्या बाया आमच्याकडे यायच्या. रिकाम्या हातानं बसलेलं मोठ्याईला खपत नसे. दारातच ती प्रत्येकीच्या हातात कापसाचा पेळू द्यायची. टीव्हीच्या निळसर उजेडात सगळ्या मांड्यांवर वाती वळत बसायच्या. देवाला पुरून उरतील इतक्या वाती आमच्या घरी त्या दिवसांत झाल्या. आईच्या श्वासाची सुरसुर, वाती वळणाऱ्या हातांचा घसघस आवाज आणि टीव्हीतली रडारड, हे तिन्ही आवाज मला आजही एकमेकांपासून वेगळे आठवत नाहीत.

सिरीयल संपली की मोठ्याई उठायची, टीव्हीची दारं ओढून घ्यायची, कुलूप लावायची आणि पाटावर बसून बायांकडे तोंड फिरवायची. मग निकाल. हा शब्द तिचाच. "सांगा आता, आज कोनाचं चुकलं?" असं ती विचारायची आणि एकेकीनं आपलं मत द्यायचं. सुटका कोणाचीच नव्हती. बंगल्यातल्या माणसांना आमच्या माजघरात दर आठवड्याला शिक्षा व्हायची. चक्कीवाल्या काकू, म्हणजे शेजारच्या पिठाच्या चक्कीवाल्याची बायको, नेहमी आधी मोठ्याईच्या तोंडाकडे पाहायच्या आणि मग मत द्यायच्या. पंचफुलाबाई मात्र कोणाकडे पाहायची नाही. ती बौद्ध मोहल्ल्यातली, आमच्या वावरात कापूस वेचायला यायची आणि सिरीयलच्या दिवशी उंबऱ्याशी बसायची. तिथं बस असं तिला कोणी सांगितलेलं नाही, असं मोठ्याई म्हणायची. पुढं येऊन बस असंही कोणी सांगितलेलं नव्हतं. पण मत द्यायची पाळी आली की तिचा आवाज सगळ्यात मोठा. "त्या म्हातारीले काई काम नाई, म्हनून हे सारं हाय," असं ती दर वेळेला म्हणायची आणि मोठ्याई दर वेळेला ते ऐकलं नाही असं करायची. माझी पाळी आली की मी मान खाली घालायची. "बेबीचं मत तिच्या पोटात हाय," असं म्हणून मोठ्याई पुढं सरकायची.

वहिनी पहिल्यांदा बोलली तेव्हा तिला या घरात येऊन महिनाही झाला नसेल. चक्कीवाल्या काकूंनी नुकतंच सांगितलं होतं, "धाकटी सूनच खोटी हाय बाई. तिचे डोये पाहा न, कसे फिरते."

वहिनी हळूच म्हणाली, "नाई जी काकू, खोटं मोठी बोलून राह्यली. पुढच्या खेपेले पाहा, तिचा भाऊ येईन आनि त्याच्याच तोंडून निंघन."

पुढच्या आठवड्यात मोठीचा भाऊ आला. जिना उतरून नाही, पुढच्या दारानं आला, आणि त्याच्याच तोंडून निघालं. मोठ्याईच्या हातातली वात थांबली. टीव्हीकडे न पाहता तिनं वहिनीकडे पाहिलं.

"तुले कसं कळलं वो?"

"अंदाजानं, मोठ्याई. मांगच्या खेपेले तो उगाच फाटकापाशी उभा दाखवला होता. कामाचा नसता त दाखवला नसता."

तिच्या माहेरी पुष्कळ आधीपासून टीव्ही होता. तिचे वडील गिरणीत कामाला होते, त्या लोकांनी वर्गणी करून चाळीत टीव्ही घेतला होता. अशा गोष्टी कशा चालतात ते तिला पाहून पाहून कळायला लागलं होतं, इतकंच. आज मला हे सरळ दिसतं. तेव्हा मात्र तिनं सांगितलेलं खरं निघालं की माझ्या अंगावर काटा यायचा. एकदा झालं, दोनदा झालं, पुढं ती सांगेल ते होतंच असं झालं. धाकटीच्या नवऱ्याला आठवण राहणार नाही म्हणाली, त्याच्या डोक्याला मार लागला. औषध बदललं जाईल म्हणाली, बदललं गेलं. बायांना मजा वाटायची, त्या मुद्दाम विचारायच्या. मोठ्याईला मजा वाटत नव्हती. एक दिवस वहिनी गोठ्यात गेलेली असताना ती चक्कीवाल्या काकूंना म्हणाली, "चोराच्या वाटा चोराले ठाऊक असते. आपल्याले काऊन नाई सुचत असं? आपल्या मनात नाई म्हनून नाई सुचत."

माझ्या सुनेचं मला हल्ली नवल वाटतं. ती फोनवर मालिकेचा शेवटचा भाग आधी पाहून घेते आणि मग पहिल्यापासून सुरू करते. विचारलं तर म्हणते, "टेन्शन राह्यत नाई, आई." तिच्यावर कोणी संशय घेत नाही. माझ्या मनात येतं, वहिनीला एवढी सोय असती तरी मोठ्याईनं काहीतरी काढलंच असतं.

संशय एकदा घरात आला की तो भांड्याभांड्यात जाऊन बसतो. बंगल्यातल्या धाकटीनं म्हातारीच्या दुधात काहीतरी कालवलं असं दाखवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून मोठ्याई वहिनीनं दिलेल्या दुधातलं थोडं वाटीत ओतून आधी मांजरीला द्यायला लागली. मांजर पिऊन आळस देऊन निघून गेली की मग आपण प्यायची. वहिनीनं हे बघितलं. दोन-तीन दिवस गेले. मग एका सकाळी तिनं मोठ्याईपुढं पेला ठेवला आणि शेजारी एक छोटी वाटी. "हे तुमचं, हे मांजरीचं. मांजरीचं आधीच निवून आनलं." दादा, म्हणजे माझा भाऊ, भाकर खात होता, त्याला ठसका लागला. मोठ्याईनं त्या दिवशी दूध घेतलं नाही.

माझंही चित्त ठिकाणावर नव्हतं. वहिनी मला आवडायची. ती माझी वेणी घालायची, पाटोडीचा रस्सा माझ्यासाठी वेगळा, कमी तिखट काढून ठेवायची. तरी ती चुलीपुढं बसून एकटीच गालात हसली की मला वाटायचं, ही आता काय ठरवत असेल? ती दारात उभी राहिली की सिरीयलमध्ये वाजतं तसं काहीतरी माझ्या कानात वाजायचं. मी तिच्या हातांकडे पाहायची. जवसाची चटणी कुटताना, सरकी भिजवताना, कोंबड्यांना दाणे टाकताना. त्या हातांत वाईट काही दिसत नव्हतं, आणि त्यामुळेच जास्त भीती वाटायची. बंगल्यातल्या धाकटीचेही हात असेच दाखवायचे, काहीच नसल्यासारखे.

मग तो आठवडा आला. निकाल संपताना मोठ्याईनंच वहिनीला विचारलं, "सांग, पुढं काय होईन?" असं तिनं कधी विचारलं नव्हतं. वहिनीनं वात वळता वळता सांगितलं, "आता म्हातारी आपला हार मुद्दाम कुठंतरी ठेवीन. धाकटी उचलते का पाहाले." पुढच्या आठवड्यात म्हातारीनं हार काढून आरशापुढं ठेवला आणि पडद्याआड लपली. सगळ्या बाया वळून वहिनीकडे पाहायला लागल्या. चक्कीवाल्या काकू म्हणाल्या, "तुले तिथली नौकरी मिळंन वो." मोठ्याई हसली नाही. ती एकदाणीचा मणी धरून बसली होती.

आमच्या गोठ्याला लागून एक अंधारी खोली होती. तिच्यात म्हशीचं खाणं असायचं, ढेप म्हणजे पेंड, कडबा आणि एका पत्र्याच्या कोठीत सरकी. सरकी म्हणजे कापसाचं बी, त्याच्या अंगावर पांढरी लव असते आणि ती एकमेकीला धरून राहते. ती खोली माझी आवडती होती. कोणी पाहुणे आले की मी कडब्यामागं जाऊन बसायची. त्या दिवशी दुपारी चक्कीवाल्या काकूंची बहीण आली होती, म्हणून मी तिथं होते. मोठ्याई आत आली. तिनं मागं वळून पाहिलं, गळ्यातली एकदाणी काढली, कोठीचं झाकण उघडून ती सरकीवर ठेवली, वरून दोन चिमटी सरकी भुरभुरवली, पुन्हा थोडी बाजूला केली. मणी दिसले पाहिजेत आणि ठेवले असंही वाटू नये, अशी तिची खटपट चालली होती. मला वाटलं, चोरांच्या भीतीनं लपवून ठेवते आहे. मग ती अर्धी कशाला दिसू देते, हे मला कळेना. ती जाईपर्यंत मी बाहेर आले नाही.

रोज संध्याकाळी सरकी भिजवायचं काम वहिनीचं. कोठीतून घमेल्यानं काढायची, बादलीत भिजत टाकायची, पहाटे ढेप मिसळून म्हशीला द्यायची. त्या कोठीत दुसऱ्या कोणाचा हात जात नव्हता, आणि मोठ्याईनं तेच हेरलं होतं. बंगल्यातल्या म्हातारीपेक्षा तिनं जास्त डोकं चालवलं होतं. फक्त त्या संध्याकाळी वीज गेली. आमच्याकडे ती तशी रोजच जायची, पण त्या दिवशी दिवा लावायच्या वेळेलाच गेली. वहिनीनं अंधारातच घमेलं भरलं, बादलीत ओतलं आणि भाकरी टाकायला बसली.

सकाळी मोठ्याई अंघोळ न करताच त्या खोलीत जाऊन आली. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा मी पाहिला. तिला दुःख झालेलं नव्हतं. तिची खात्री झालेली होती.

दुपारपर्यंत तिनं वाट पाहिली, वहिनी आणून देते का म्हणून. मग चहाच्या वेळी तिनं भाऊंना बोलावलं आणि सांगितलं, "माह्या संदुकीतून एकदानी गेली." संदुकीतून. मी दारामागं उभी होते.  मोठ्याई खोटं बोलते हे मला त्याआधी माहीत नव्हतं. आता मला तिचाही संशय यायला लागला. तिनंच ती परत काढून घेतली असेल का? भाऊंनी विचारलं, "कोनावर शक हाय, वहिनी?" मोठ्याई म्हणाली, "ज्याले सगळं आधी समजते त्याले इचारा."

वहिनीला विचारलं. ती म्हणाली, "मी पाह्यली नाई." तिचं कपाट उघडून पाहिलं, लग्नातल्या साड्या झटकून पाहिल्या. दादा कपाटाजवळ उभा होता. तो माझ्या आईच्या वळणावर गेला होता, म्हणजे माझ्याच. तो काही बोलला नाही, नंतर दुकानात जाऊन बसला आणि रात्रीचं जेवणही तिथंच मागवलं. वहिनीनं साड्या पुन्हा घडी घालून ठेवल्या. घड्या घालताना ती रडत नव्हती, आणि तेही तिच्या विरोधात धरलं गेलं. नाचणगावला निरोप गेला, येऊन मुलीला घेऊन जा. दिवाळीपर्यंत राहू द्या, असं त्या निरोपात होतं. आमच्याकडे असं नेलेली मुलगी दिवाळीनंतर कोणी आणायला जात नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

वहिनीचे वडील आले तो नेमका सिरीयलचा दिवस निघाला. उंच, वाळलेले, टोपीवाले गृहस्थ. मोठ्याईनं सांगितलेलं त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पाणीही घेतलं नाही. मग म्हणाले, "ठीक हाय. पोरगी नेतो. तिचं आंदनही नेतो. पलंग, कपाट मंग पाठवा. टीव्ही संगंच नेतो."

बाया यायला लागल्या होत्या. टीव्ही नेणार ही गोष्ट ओसरीपासून उंबऱ्यापर्यंत क्षणात गेली. गेल्या दोन दिवसांत ज्यांनी वहिनीला चोट्टी म्हटलं होतं त्यांचा सूर लगेच बदलला. चक्कीवाल्या काकू मोठ्याईच्या कानाशी लागून म्हणाल्या, "नीट पाहून घ्या बाप्पा एक डाव. पोरीची जात हाय." त्यांना वहिनीची दया आली होती की त्यांचा जीव टीव्हीत होता, हे मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. मोठ्याई घड्याळाकडे पाहत होती. शेवटी म्हणाली, "आता टाइम झाला. पाहून घेऊ, मंग बोलू."

आणि खरोखर सगळे पाहायला बसले. वहिनीचे वडील बाजेवर, भाऊ आणि दादा दाराशी, बाया खाली. पेळू वाटायचं त्या दिवशी मोठ्याई विसरली. वहिनी सैपाकघराच्या चौकटीला टेकून उभी होती. बंगल्यातल्या धाकटीच्या हातात तो हार होता. तो तिला खाली पडलेला सापडला होता की तिनं उचलला होता ते दाखवलं नाही. घरातले सगळे जिन्यावर उभे राहून तिच्याकडे पाहत होते, आणि तिच्या तोंडावर तो भाग संपला.

मोठ्याईनं दारं ओढली, कुलूप लावलं, पाटावर बसली. "सांगा आता. हिले काय म्हनाचं?"

आज तिला बायांची मतं व्याह्यांच्या देखत हवी होती. एकेकीनं पुटपुटत काहीतरी म्हटलं. पंचफुलाबाई म्हणाली, "तिच्या हातात तो आला कसा ते त दाखवलंच नाई. मंग कसं सांगाव?" मोठ्याई चटकन पुढं सरकली, आणि पुढं मी होते. तिनं सवयीनं तोंड उघडलं, बेबीचं मत पोटात हाय म्हणायला.

"म्हातारीचं चुकलं," मी म्हणाले.

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. मोठ्याई थबकली. "कोन्या म्हातारीचं?"

"तुह्यं. एकदानी संदुकीत नवती. तूच सरकीच्या कोठीत ठेवली. मी कडब्यामांगं होतो."

 सैपाकघरातून आईच्या श्वासाचा आवाज तेवढा येत होता. मोठ्याईनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटलं ती नाही म्हणेल. ती म्हणाली, "तू पाह्यली? तुले ठाऊक होतं कुठं हाय ते? मंग तूच घेतली असंन."

तेवढ्यानं मला वहिनीचं सगळं समजलं. ज्याला ठाऊक, तोच चोर. दाराशी आई आली. ती भिंतीला धरून उभी होती आणि तिचा ऊर भात्यासारखा हलत होता. "माह्या पोरीले काई म्हनाचं नाई, बाई," ती म्हणाली. उभ्या जन्मात ती मोठ्याईला उलटून बोलल्याचं मला दुसरं आठवत नाही. पंचफुलाबाई उंबऱ्यावरून म्हणाली, "सरकी त म्हस खाते न? मंग इथं काय बसले सारे? गव्हान पाहा जाऊन."

वहिनी तिचं बोलणं संपायच्या आधीच निघाली होती. कंदील घेऊन ती गोठ्यात गेली, आम्ही सगळे मागं. तिनं पदर खोचला, गव्हाणीच्या तळाशी साचलेल्या राड्यात हात घातला आणि चाचपत राहिली. म्हैस मान वळवून पाहत होती. पहिला मणी निघाला तो तिनं कंदिलापाशी धरला. मग दुसरा निघाला. दोरा म्हशीच्या दाताखाली तुटला होता, मणी विखुरले होते. ती एकेक काढत राहिली आणि मोठ्याईच्या ओंजळीत टाकत राहिली. बऱ्याच वेळानं हाताला काही लागेना, तेव्हा तिनं बादलीत हात धुतले. मोठ्याईनं ओंजळ कंदिलाजवळ नेली, मणी बोटानं हलवून पाहिले.

"बाकीचे?" ती म्हणाली.

वहिनीच्या वडिलांनी टोपी काढून पुन्हा घातली. मुलीला म्हणाले, "सकाळच्या एसटीनं निंघू."

सकाळी भाऊ त्यांच्या पाया पडायला गेले. चूक झाली म्हणाले, राहू द्या म्हणाले. मोठ्याई माजघरातून बाहेर आली नाही. दादा दुकान न उघडता अंगणात उभा होता. तो वहिनीला म्हणाला, "तू म्हनशीन तसं." इतकंच बोलला, पण ते सगळ्यांसमोर बोलला. टीव्ही एसटीच्या थांब्यापर्यंत न्यायला रजईत गुंडाळून बैलगाडीवर चढवला होता. त्याच्याबरोबर द्यायला कुलपाची किल्ली मागावी लागली आणि मोठ्याईनं ती जुडग्यातून काढून माझ्या हाती पाठवली. वहिनी तयार होऊन बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पिशवी नव्हती.

"मी राह्यतो, बाबा," ती म्हणाली. "हे घेऊन जा."

"काऊन? एवढं झाल्यावर?"

"मी गेलो त चोरून गेली म्हनतीन. हे इथं राह्यलं त दर आठोड्याले माहा निकाल लागंन. यालेच जाऊ द्या."

 तिनं गाडीतली रजई नीट खोचली, दोरी ताणून पाहिली आणि वडिलांना म्हणाली, "संभाळून नेजा, काच हाय." गल्लीतल्या बाया आपापल्या दारांत उभ्या होत्या. गाडी रस्त्याला लागली तशी त्यांच्यातली एकेक आत गेली. चक्कीवाल्या काकू सगळ्यात शेवटी गेल्या.

बंगल्याच्या सिरीयलचं पुढं काय झालं ते आमच्या गल्लीत कोणालाच कळलं नाही. ग्रामपंचायतीत माणसं ती पाहत नव्हती, आणि पाहत असतील तर सांगत नव्हती. बाया काही दिवस यायच्या बंद झाल्या. मग हळूहळू त्याच संध्याकाळी पुन्हा यायला लागल्या, सवयीनं. मोठ्याई पुन्हा पेळू वाटायला लागली. आता वाती वळताना बोलायला काही नव्हतं. सापडलेले मणी मोठ्याईनं नव्या दोऱ्यात ओवले होते. ते कमी होते, म्हणून मधे मधे गाठी मारल्या होत्या. वहिनी रोज सरकी भिजवायची, आता दिवसाउजेडी. मोठ्याई एखाद्या सकाळी जाऊन गव्हाण उकरून यायची, आम्ही पाहिलं नाही असं करायचो.

अशाच एका संध्याकाळी, पावसाळा लागायच्या सुमाराला, सगळ्या वाती वळत असताना मोठ्याईनं वर न पाहता विचारलं, "काय झालं असंन वो तिचं? त्या धाकटीचं?"

 सगळ्या बायांच्या माना वहिनीकडे वळल्या. त्या किती आसुसल्या होत्या ते त्यांच्या थांबलेल्या हातांवरून दिसत होतं. पंचफुलाबाई उंबऱ्यावरून पुढं सरकून थेट माजघरात आली होती आणि कोणाच्या ते लक्षातही आलं नाही. वहिनीनं हातातली वात पुरी केली, टोक पिळून ताटात ठेवली.

"मले काय माहीत, मोठ्याई," ती म्हणाली. "मी त पाह्यलं नाई."

तिनं दुसरा पेळू उचलला. मोठ्याई तिच्या तोंडाकडे पाहत राहिली, ही खरं बोलते की खोटं ते ओळखायला, आणि दिवा लावायची वेळ होऊन गेली तरी पाहतच राहिली.